सी ड्राइव्ह लाल झालाय, काय काय उडवता येईल?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. घरच्या कॉम्प्युटरने अगदी मान टाकली आहे. सांगलीतच असेंबल करून घेतलेला, जुना आय-थ्री, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. 'धिस पीसी' उघडलं की सी ड्राइव्हची पट्टी लालभडक. ९७.६ जीबीपैकी १.८ जीबी शिल्लक. डी आणि ई मात्र जवळजवळ रिकामे! सकाळी बटण दाबायचं, चहा टाकायचा, पिऊन कप विसळून यायचं, तेव्हा कुठे क्रोम उघडतं.

यावर आमच्या ह्यांचं हिशोबाचं टॅली चालतं, सासऱ्यांनी श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर) टाइप केलेली पत्रं आणि लेख आहेत, शिवाय लेकीचे बारावीचे पीडीएफ. शेजारचा मुलगा म्हणतो, "काकू, फॉरमॅट मारू, तासाभराचं काम." मला त्याचीच धास्ती. फॉरमॅट न करता काय काय उडवता येईल? जागा केली की वेग खरंच वाढतो का? आणि 'एका क्लिकमध्ये पीसी फास्ट' छापाच्या सॉफ्टवेअरपैकी कुठलं घ्यावं?

वांगीभात

सोप्पं आहे ताई. विंडोजचं बटण आणि आर दाबा, %टेम्प% टाइप करा (इंग्रजीत हो!), दिसेल ते सगळं डिलीट. मग तसंच प्रीफेच. मग एखादं क्लीनर टाकून रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ. मी दर रविवारी करतो, मशीन पळतं.

सोल्डरगन

वांगीभात, टेम्पपर्यंत ठीक, पुढचं नको. कुठला प्रोग्रॅम सुरू होताना कुठल्या फाइली लागतात याची नोंद विंडोज प्रीफेचमध्ये ठेवतं. ती उडवली की पुढच्या वेळी प्रोग्रॅम उलट हळू उघडतो, आणि जागा सुटते ती काही एमबी. रजिस्ट्री साफ करून ना जागा मिळते ना वेग, मायक्रोसॉफ्टही असल्या क्लीनरांना सपोर्ट देत नाही. २०१७ मध्ये तर सीक्लीनरच्या ५.३३ आवृत्तीत कुणीतरी मालवेअर घुसवलं होतं आणि ते कंपनीच्या स्वतःच्या डाउनलोडमधून लोकांपर्यंत गेलं. एका क्लिकवाली मंडळी बाजूलाच ठेवा.

कृष्णाकाठताई, तुम्ही आत्ता डिलीटला हातच लावू नका. आधी जागा गेलीय कुठे ते बघू. विझट्री नावाचं सॉफ्टवेअर घ्या, घरगुती वापराला फुकट आहे. राइट क्लिक करून 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर'ने उघडा. ते एकेक फोल्डर चाळत बसत नाही, ड्राइव्हवरची फाइलींची मुख्य यादीच थेट वाचतं, त्यामुळे तुमच्या मशीनवरही पटकन उरकेल. वरची मोठी फोल्डरं इथे टाका. दुसरं, क्रोम उघडताना कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमध्ये मेमरी आणि डिस्क किती टक्के दिसतात ते बघा. तिसरं, क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून हार्ड डिस्कची तब्येत.

ते ९७.६ वाचून हसू आलं. पार्टिशन करताना दुकानदार १००००० एमबी असा गोल आकडा ठोकतो, १०२४ ने भागला की ९७.६ जीबी. असेंबल केलेल्या मशीनचा सी ड्राइव्ह हमखास एवढाच निघतो.

पेंग्विनप्रेमी

विंडोज काढून लिनक्स मिंट टाका, सगळे प्रश्न संपतील.

बोरूबहाद्दर

पेंग्विनप्रेमी, टॅली आणि श्रीलिपी तुम्ही येऊन चालवून देणार का? :-)

ताई, फॉरमॅटला घाबरताय ते बरोबरच आहे. मी डीटीपीवाला, म्हणून श्रीलिपीपुरतं सांगतो. ती जुनी पत्रं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी वाचता येईल अशा पद्धतीत, नाहीत. फॉन्ट गेले की फाइल उघडेल, पण मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसेल. विंडोजमधल्या फॉन्ट्स फोल्डरला जागेसाठी कधीही हात लावू नका, मिळणार काहीच नाही. उलट त्यातले श्रीलिपीचे फॉन्ट कॉपी करून पत्रांच्या शेजारीच डीवर ठेवा. जमेल तशी एकेक फाइल युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या. निदान पीडीएफ तरी करून ठेवा, म्हणजे वाचता येतील.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. विझट्री चालवलं, डोळेच उघडले. विंडोज २४ जीबी, प्रोग्रॅम फाइल्स दोन्ही मिळून ९, युजर्स ४९! त्यात 'अॅपल कॉम्प्युटर'च्या आत 'मोबाइलसिंक' म्हणून २१ जीबी, आणि डाउनलोड्स १६. बाकी पेजफाइल ६, सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन ५, हायबरफिल १.६.

डाउनलोड्समध्ये काय सापडलं म्हणाल तर सातबारा, सातबारा (१), सातबारा (२), आधार (४), लाइटबिल (७). प्रिंट काढायची वेळ आली की ह्यांचं दरवेळी नव्याने डाउनलोड. व्हॉट्सअॅप वेबवरून उतरवलेले लग्नाचे व्हिडिओ वेगळेच.

क्रोम उघडताना मेमरी ९१ टक्के, डिस्क १०० टक्के. क्रिस्टलमध्ये निळ्या चौकटीत 'गुड' आलं. पण आमच्याकडे अॅपलचं काही नाही हो, हे २१ जीबी कुणाचे?

सोल्डरगन

हा आयफोनचा बॅकअप. कुणीतरी कधीतरी या मशीनला आयफोन जोडून आयट्यून्सवर बॅकअप घेतलाय. ज्याचा असेल त्याला विचारा. तोवर मोबाइलसिंकच्या आतलं 'बॅकअप' फोल्डर जसंच्या तसं डीवर कॉपी करा, दोन्हीकडचा आकार जुळतोय का ते बघा, मगच सीवरचं काढा. उद्या वापरायचा झाला तर परत मूळ जागी आणून ठेवावा लागेल, एवढंच. आतल्या फाइलींची नावं अगम्य दिसतात म्हणून त्यातल्या दोनचार उडवू नका, अख्खा बॅकअप निकामी होईल.

डाउनलोड्स आवरत बसू नका, फोल्डरच डीवर हलवा. डीवर 'डाउनलोड्स' नावाचं रिकामं फोल्डर करा. मग सीवरच्या डाउनलोड्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह, आणि ते नवं फोल्डर निवडा. नुसता डी ड्राइव्ह निवडू नका. तसं केलं तर अख्खा डीच विंडोजच्या लेखी डाउनलोड्स होऊन बसतो आणि मागे फिरवताना नाकी नऊ येतात. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज यांनाही हीच रीत. यापुढे उतरेल ते आपोआप डीवर जाईल.

हायबरफिल म्हणजे हायबरनेटची फाइल. तुम्ही ते वापरत नसाल तर अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंग्रजीत पॉवरसीएफजी, एक जागा सोडून स्लॅश एच, पुन्हा जागा सोडून ऑफ, असं टाइप करा. फाइल स्वतःहून जाते. मात्र 'फास्ट स्टार्टअप' यावरच चालतं, त्यामुळे सकाळी मशीन सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल. माझं मत विचाराल तर १.६ जीबीसाठी हे करू नये.

सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशनमध्ये बहुतेक रिस्टोअर पॉइंट असतात, म्हणजे बिघाड झाला तर विंडोज मागच्या स्थितीत नेण्यासाठीच्या नोंदी. सिस्टीम प्रोटेक्शनमध्ये जाऊन मर्यादा २ जीबीवर आणा, पूर्ण बंद नको. पेजफाइलला हात लावू नका. रॅम भरली की विंडोज उरलेलं त्यात ठेवतं, ४ जीबी रॅमच्या मशीनचा तोच आधार आहे. विंडोजच्या आतलं विनएसएक्सएस फोल्डरही हाताने कधीच उडवू नका. त्यातल्या बऱ्याच फाइली इतर फोल्डरांतही त्याच असतात आणि मोजताना दोनदा धरल्या जातात, म्हणून ते आहे त्यापेक्षा मोठं दिसतं. सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स इथून अपडेटची अडगळ काढता येते. पण त्या यादीत 'डाउनलोड्स'चीही चौकट असते, तिथली खूण काढूनच पुढचं बटण दाबा.

आता वेगाचं. सी इतका ठासून भरला की अपडेट अडतात आणि पेजफाइलला वाढायला जागा उरत नाही, त्यामुळे मोकळं केल्यावर थोडा फरक पडेल. पण तुमचं खरं दुखणं त्या ९१ आणि १०० मध्ये आहे. रॅम पुरत नाही, म्हणून विंडोज सतत हार्ड डिस्कवर लिहितं आणि वाचतं. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि हेड इकडून तिकडे सरकतं, प्रत्येक वेळी दहाएक मिलिसेकंद जातात. एसएसडी म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नाही, हेच काम मिलिसेकंदाच्याही छोट्या भागात होतं. तेव्हा साफसफाई करा, पण खरा फरक एसएसडी आणि आणखी ४ जीबी रॅमने पडेल. दोन्हीतलं एकच जमणार असेल तर एसएसडी.

वांगीभात

डी रिकामाच आहे तर त्यातली जागा सीला जोडून का देत नाही? डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' आहे की.

सोल्डरगन

ते बटण फिकटच दिसेल. सीला चिकटून उजवीकडे मोकळी जागा असेल तरच ते चालतं. डी लहान केला तर जागा सुटते डीच्या शेवटी, सीच्या शेजारी नाही. डी आख्खा पुसला तर जमेल, तेही मध्ये रिकव्हरी पार्टिशन नसेल तर. बाहेरची सॉफ्टवेअरं डी सरकवून देतात, पण ते तासन्तास चालतं आणि अर्ध्यात वीज गेली तर डेटा गेला समजा. यूपीएस आणि बॅकअप दोन्ही नसताना या वाटेला जाऊ नये.

मीपण

मध्येच घुसतोय, माफी असावी. मीही क्रिस्टल चालवून बघितलं तर पिवळ्यात 'कॉशन' आलंय, करंट पेंडिंग सेक्टरपुढे आकडा आहे. मीही असंच आवरू का?

सोल्डरगन

अजिबात नको! पिवळं म्हणजे काही सेक्टर वाचताना डिस्क अडखळतेय. आत्ता डीफ्रॅग नको, साफसफाई नको. आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर काढा, सगळ्यात महत्त्वाचं सगळ्यात आधी. ते झालं की नवा धागा काढा, तिथे बोलू.

कृष्णाकाठ

बॅकअप भाच्याचा निघाला, दिवाळीत आला होता तेव्हाचा. तो म्हणाला, "मामी, उडवून टाक." तरी आधी डीवर ठेवलाय. डाउनलोड्स हलवलं, रिस्टोअरची मर्यादा घातली, टेम्पररी फाइल्स काढल्या, हायबरफिल तसंच ठेवलं. सीवर आता ४३ जीबी मोकळे! अडलेले अपडेट पार पडले. क्रोम मात्र अजून रेंगाळतंय, तुम्ही म्हणालात तसंच. ह्यांना एसएसडीचं पटलंय. २५६ जीबी पुरेल का? आणि टॅलीचं काय करायचं?

बोरूबहाद्दर

पुरेल, डेटा डीवर आणि ईवर राहणारच आहे. जुन्या मशीनला अडीच इंची साटा एसएसडी लागते. चपटी एनव्हीएमई एसएसडी बसेलच असं नाही, मदरबोर्डवर तिची खाच आहे का ते आधी बघून घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात तपकीर गल्लीत चार पर्याय जास्त मिळतील, पण एवढ्यासाठी प्रवास कशाला? सांगलीतच घ्या, फक्त जीएसटीचं पक्कं बिल मागा, वॉरंटीला लागतं.

सोल्डरगन

दुकानदाराला फॉरमॅट नव्हे, क्लोन करायला सांगा, म्हणजे सी जसाच्या तसा एसएसडीवर येईल, श्रीलिपीसकट. त्याआधी टॅलीतून बॅकअप घेऊन पेनड्राइव्हवर घरीच ठेवा. नव्याने विंडोज टाकायचीच वेळ आली तर आधी टॅलीत जाऊन लायसन्स सरेंडर करा, मगच मशीन दुकानात द्या.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. तुमचा आय-थ्री कितव्या पिढीचा ते सिस्टीम, अबाउटमध्ये बघून इथे टाका, मग रॅमचं ठरवू.