पगार वेळेवर, साहेब बरा, तरी मन का रमत नाही? (अनुभव धागा)

नोकरीत समाधान आहे का, असं विचारलं की आपण आधी पगार सांगतो, मग साहेबाच्या नावाने शंख करतो. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ साली अभियंते आणि हिशेबनीसांच्या मुलाखतींवरून मांडलं, की पगार, बसायची सोय, वरिष्ठांचं वागणं बिघडलं की कुरकुर सुरू होते. पण ते सुधारलं म्हणून कामात गोडी येतेच असं नाही. मला तर खरी ठिणगी पटतं ते आणि करावं लागतं ते, यांतच पडताना दिसते. तुमचं काय? मनमोकळं लिहा, संस्थेचं नाव मात्र नको.

परिचारिका: रात्री वॉर्डात माणसं कमी. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. एकटीने सगळ्यांचं होणं शक्यच नसायचं, पण सकाळी तक्त्यातले रकाने भरलेले हवेत. जे झालं नाही ते मी कोरं ठेवायचे. ‘सिस्टर, तेवढी सही करून टाका ना, तपासणी आहे,’ असं मेट्रन आधी गोडीत सांगायच्या. मग गोडी संपली. नीतिशास्त्राचे अभ्यासक अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये परिचारिकांबद्दल लिहिताना हेच मांडलंय: योग्य काय ते ठाऊक असतं, पण संस्था करू देत नाही. पायांचं दुखणं झोपेने जायचं. ते कोरे रकाने घरी सोबत यायचे. आता डायलिसिस विभागात आहे. पगार तोच, पण हाताखाली मोजके रुग्ण, आणि लिहिते ते केलेलं असतं.

विमा विक्रीतून दावे विभागात: गार हवा, भारी खुर्ची, वर इन्सेंटिव्ह. फोनवर एक आजोबा म्हणाले, ‘बाळ, तू म्हणतोस तर घेतो.’ इतक्या लांब मुदतीची पॉलिसी त्यांच्या काय कामाची! ‘मुलांना विचारून सांगा,’ म्हणालो. टीम लीडरने तो कॉल सगळ्यांपुढे वाजवला, कसं बोलायचं नाही ते दाखवायला. कमी पैशांत बदली मागून घेतली.

समाजसेवी संस्थेतून बाहेर पडलेली: मी उलटा सूर लावते. आमच्याकडे तत्त्वं पुरेपूर जुळत होती, म्हणूनच तर पिळून घेतलं. सुट्टी मागितली की ‘अगं, आपलंच काम ना हे?’ रविवारी प्रशिक्षण, रात्री अहवाल, आणि मोबदल्याचं नाव काढलं की सगळे असे बघणार, जणू देणगीच्या पेटीत हात घातला. आता एका कंपनीत पगारपत्रकं करते. उदात्त काही नाही. सहाला संगणक बंद. खूश आहे, खरंच.

लेखा सहायक: पगार, रजा, जवळचं ऑफिस. समाधान बुद्धिबळात मिळतं.

कारखान्यातला पर्यवेक्षक: कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट करासेक यांचं १९७९ मधलं म्हणणं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं: ताण जास्त आणि निर्णयाची मोकळीक कमी, ही जोडी सर्वांत वाईट. उत्पादनाच्या लाइनचा वेग तोच ठेवून, सदोष माल दिसला तर कामगारानेच लाइन थांबवायची, अशी मुभा आम्ही दिली. सुरुवातीला ती सारखीच थांबायची. वरचा ओरडा मी खाल्ला. पुढे थांबणं कमी झालं आणि बदलीचे अर्जही. सिस्टर, तुमच्या तक्त्यात ‘झालं नाही, कारण’ असा रकाना असता तर?

परिचारिका: दादा, लेखी मागितला होता. मेट्रन म्हणाल्या, तपासणीला येणारे आधी तोच वाचतील.