अनुभव धागा: बुद्धिबळातला घोडा जी५ आणि पुढची पळापळ

पेठकर:
माळा आवरताना एका स्पर्धेचं जुनं स्कोअरशीट (चाली लिहायचा कागद) हाती लागलं. आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची; अक्षर-आकडा म्हणजे पटावरचं घर, × म्हणजे मारलं. ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ घोडा एफ६, घोडा जी५ डी५, ई×डी५... आणि काळ्याने घोड्यानेच डी५ मारलं! घोडा×एफ७, वजीर आणि हत्ती दोन्हीवर. राजाने घोडा मारला की वजीर एफ३ शह. डी५ चा घोडा राखायला राजा ई६ वर, भर पटात उघडा. त्यात घोडा सी३, डी५ वर तिसरा मारा. तुमचेही टाका.

उंटावरचा शहाणा:
काळ्याने पाचव्या चालीला डी५ न मारता घोडा ए५!! उंट बी५ शह, सी६, डी×सी६, बी×सी६. प्यादं एक कमी, पण उंट ई२ ला गेला की एच६, घोडा एफ३, ई४. आता पळतो तो पांढरा. प्यादं परत घ्यायची घाई नको, तिथेच माती खातात.

मनीमाऊ:
पोरं हे पाठ करतात, आणि समोरच्याने जी५ ऐवजी डी३ केलं की गप्प. नवख्यांना काळ्याकडून तिसऱ्या चालीला उंट सी५ द्या. वजिराची वाट मोकळी, घोडा जी५ ला आला तर फुकट.

चिंतोपंत:
जुना जर्मन खेळाडू टाराशने घोडा जी५ ला अडाण्याची चाल म्हटलं होतं. अडाणी जिंकतात हो पण.

मनीमाऊ:
😂😂

रविवार सकाळ:
ओपनिंग (सुरुवातीच्या चाली) राहू द्या, नियमात हरतात. कॅसलिंगला (राजा-हत्तीची जोडचाल) आधी राजा, एकाच हाताने. आधी हत्तीला हात लावलात तर हत्तीच हलवा. सोंगटी सरळ करायची तर आधी ‘अ‍ॅडजस्ट’ म्हणायचं, तेही आपली चाल असतानाच.

पेठकर:
आधी लिहून मग खेळणं?

रविवार सकाळ:
चालत नाही. चाल आधी, लिहिणं नंतर. ड्रॉचा दावा करतानाच उलटं. आणि ९०+३० ला (९० मिनिटं, वर दर चालीला ३० सेकंद) शेवटपर्यंत लिहायचं, ५ मिनिटं उरली म्हणून सुटका नाही.

कोथरूडची आई:
डब्यात काय द्यावं?

मनीमाऊ:
कोरडं. पोळीचा रोल. तेलकट हात सोंगट्यांना लागतात. फोन पोराच्या पिशवीत नको, वाजला की डाव गेला.

कोथरूडची आई:
बरं. आणि सदाशिव पेठेत गाडी कुठे लावायची?

पेठकर:
लावायची नाही.