लँडलाईनवर नंबर कधी दिसतो, कधी अर्धाच, काय बघू?

पेठेतला:
नमस्कार मंडळी, आई सदाशिव पेठेत एकटी असते, मोबाईल तिला जमत नाही, सगळी भिस्त लँडलाईनवर. हल्ली ते डिजिटल अरेस्टवाले, केवायसीवाले फोन इतके येतात की मी तिला बजावून ठेवलंय, ओळखीचा नंबर दिसला तरच उचल. पण नंबरच धड येत नाही. कधी पूर्ण दिसतो, कधी सुरुवातीचे ९८ गायब आणि पुढचं बरोबर, कधी स्क्रीन कोरीच. मग ती माझाही फोन उचलत नाही आणि इकडे ऑफिसात माझा जीव टांगणीला. सेल नवीन टाकलेत. एक फोन हॉलमध्ये, एक आतल्या खोलीत, त्याच तांब्याच्या लाईनवर ब्रॉडबँड पण आहे. पाऊस लागला की त्रास वाढतो. सुरुवात कुठून करू?

कोथरूड_डेपो:
आधी हे बघा की नंबर घंटी वाजायच्या आधी येतो का पहिल्या घंटीनंतर. आपल्याकडे दोन्ही पद्धती चालतात. डीटीएमएफ म्हणजे बटणं दाबल्यावर जे टोन ऐकू येतात तेच, ते बहुतेक करून घंटीच्या आधी येतात. एफएसके म्हणजे सेकंदाला १२०० बिटचा डेटा, तो सहसा पहिल्या आणि दुसऱ्या घंटीच्या मधे येतो, त्यामुळे तिथे आईंनी घाईने उचलला की नंबर गेलाच. एफएसकेच्या शेवटी चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा असतो, त्यामुळे डेटा जरा जरी बिघडला तरी फोन नंबर दाखवतच नाही, कोरी स्क्रीन नाहीतर एरर. डीटीएमएफमध्ये अशी पडताळणीच नाही, जेवढे टोन ओळखता आले तेवढे आकडे दिसणार. तुमचे आकडे गळतायत म्हणजे माझ्या मते डीटीएमएफच, आणि लाईनवर काहीतरी त्या टोनच्या आड येतंय.

जुना_जॉइंटर:
बाहेरची वायर घरात जिथे येते तो रोझेट उघडा. आत जाणाऱ्या सगळ्या वायरी सोडवा, मोडेम काढा, नुसता एक फोन तिथे लावा आणि मोबाईलवरून कॉल करून बघा. नंबर नीट आला तर दोष घरात, नाही आला तर बाहेर. फक्त उघड्या तारेला हात लावू नका, एरवी ४८ व्होल्ट डीसी असतं पण घंटी वाजताना ७५ च्या आसपास एसी येतं, चांगलाच झटका बसतो. स्क्रूवर हिरवट पावडर धरलेली दिसली तर तेवढं टोक कापून वायर नव्याने सोलून घट्ट आवळा.

पेठेतला:
केलं काका. रोझेटवर एकटा फोन लावला तर पूर्ण नंबर येतोय, तोही घंटीच्या आधी. आतल्या खोलीतला फोन जोडला की परत आकडे गळायला लागतात. हिरवी पावडर होती, साफ केली.

कोथरूड_डेपो:
आतल्या फोनला फिल्टर आहे का? ब्रॉडबँडचा सिग्नल साधारण २५ किलोहर्ट्झच्या वर चालतो, आवाज ४ च्या खाली, दोन्ही वेगळे ठेवायचं काम फिल्टरचं. तो प्रत्येक फोनला हवा, मोडेमला नको. त्यापेक्षा रोझेटपाशीच एक स्प्लिटर, म्हणजे फोन आणि मोडेमची लाईन वेगळी करणारी डबी लावून फोनची सगळी वायरिंग त्याच्या फोनच्या बाजूला घेतलीत तर बरं. तपकीर गल्लीत विचारा, मिळून जाईल.

पेठेतला:
नव्हताच फिल्टर! उद्याच आणतो. पण मग पावसाचं काय?

जुना_जॉइंटर:
ते बाहेरचं, डीपी बॉक्समध्ये (जिथून घरोघरच्या लाईनी फुटतात ती पेटी) किंवा खांबावरच्या जॉइंटमध्ये पाणी जात असणार. पाऊस चालू असताना रिसीव्हर उचलून एकच आकडा दाबा, डायलटोन थांबतो, त्या शांततेत खरखर ऐकू येते का बघा. तक्रार देताना नंबर दिसत नाही असं सांगू नका, ते सेटकडे बोट दाखवतात. पावसात लाईनवर खरखर आहे, इन्सुलेशन टेस्ट करा आणि तारांची जोडी बदलून द्या, असं सांगा, म्हणजे लाईनमनला नेमकं कुठे बघायचं ते कळतं.

वारजे_फायबर:
आमच्याकडे फायबर आहे, तिथे नंबर घरातला ओएनटी बॉक्सच (फायबर ज्यात येऊन लागते तो) फोनला पाठवतो, एफएसके की डीटीएमएफ हे त्याच्या सेटिंगमध्ये असतं, आमचं तेवढं बदलल्यावर लगेच यायला लागला. पण आईंसाठी बदलणार असाल तर एक लक्षात ठेवा, तांब्याच्या लाईनवर साधा फोन लाईट गेली तरी चालतो, फायबरवर बॉक्स बंद की फोन पण बंद. ओएनटीला छोटा यूपीएस लावल्याशिवाय जुनी लाईन सोडू नका.