मे महिन्यातले ट्यूलिप

‘मे महिन्यात ट्यूलिप संपलेले असतात, मुलांना घेऊन नेदरलँड्सला जाऊ नका,’ असं एका पोस्टमध्ये वाचलं. ते अर्धंच खरं आहे. आम्ही फोंड्याचे. गोव्यात आता वरच्या वर्गांची शाळा एप्रिलमध्येच सुरू होते, सुट्टी मिळते ती मे महिन्यात. म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यात गेलो. बाहेरची शेतं खरंच बोडकी दिसली. कंद पोसावा म्हणून शेतकरी फुलं मुद्दाम छाटतात. लेकीला तर रडूच आलं.

पण लिस्सेच्या क्युकेनहॉफ बागेत शिरलो आणि तिचा चेहरा खुलला! तिथे कंद थरांनी लावतात, लवकर फुलणारे वर, उशिराचे खाली, म्हणून बहर शेवटपर्यंत टिकतो. 32 हेक्टर बाग, सुमारे 70 लाख कंद. सासूबाईंना व्हीलचेअर मिळाली. जन्मभर आबोलीचे वळेसर ओवलेल्या त्या, एका पिवळ्या ताटव्यापाशी कितीतरी वेळ थांबून राहिल्या.

बाग मेच्या दुसऱ्या आठवड्यात बंद होते, तेवढ्या तारखा आधी बघा. तिकीट ऑनलाइन, ठरावीक वेळेचं असतं. सकाळची वेळ घ्या, मुलांना बागेतल्या पवनचक्कीवर निवांत चढता येतं.