शब्दचर्चा: ते क्येरो, मे गुस्तास आणि ‘उस्तेद’ म्हणणारा प्रियकर

प्रश्न (मिहान)

नोकरी नागपूरला, मिहानमध्ये. कामाच्या निमित्तानं कोलंबियातल्या बोगोताच्या एका मुलाशी ओळख झाली आणि आता बोलणं कामापुरतं उरलेलं नाही. म्हणून स्पॅनिश शिकायला घेतलंय. तो मला ‘ते क्येरो मूचो’ असं लिहितो. ॲप त्याचा अर्थ सांगतं, ‘माझं तुझ्यावर खूप प्रेम आहे’. पण एरवी हाच माणूस मला ‘उस्तेद’ म्हणतो, आणि पुस्तकात उस्तेद म्हणजे आदरार्थी ‘आपण’. एकीकडे प्रेम, दुसरीकडे साहेबांशी बोलावं तसं. यातून काय समजायचं? आणि ‘तुम्ही मला आवडता’ हे फार पुढं न जाता कसं सांगायचं?

उत्तर (धरमपेठ)

ताई, आवडण्यापासून सुरुवात करते, कारण तिथं मराठी माणसाचं काम निम्मं झालेलं असतं. स्पॅनिश शिकवताना मी वर्गात सारखी एक गोष्ट सांगते: इंग्रजीच्या वळशानं जाऊ नका, मराठीतून थेट जा.

‘मे गुस्तास’. मे म्हणजे मला, गुस्तास म्हणजे आवडतोस किंवा आवडतेस. झालं वाक्य. आपल्या ‘मला तू आवडतोस’मध्ये क्रियापद ‘तू’प्रमाणे चालतं, ‘मी’प्रमाणे नाही. स्पॅनिशचंही अगदी तेच. मला कॉफी आवडते: मे गुस्ता एल काफे. मला कुत्री आवडतात: मे गुस्तान लोस पेर्रोस. आवडणारी वस्तू अनेकवचनी झाली की क्रियापदही अनेकवचनी होतं. हे मराठी मुलांना समजावून सांगावं लागू नये. पण भाषांचे वर्ग बहुतेक इंग्रजीतून चालतात, म्हणून मुलं ‘मी’पासून वाक्य बांधायला घेतात आणि वहीत लिहितात ‘यो ते गुस्तो’. याचा अर्थ होतो ‘मी तुला आवडतो’. सांगायचं होतं स्वतःच्या मनातलं, जाहीर केलं समोरच्याच्या मनातलं. त्याच मुलाला ‘आधी मराठीत म्हण’ असं सांगितलं की वाक्य आपोआप सरळ होतं.

एक फरक ध्यानात ठेवा. आपण आवडतोस-आवडतेस असा भेद करतो, गुस्तास दोघांनाही चालतं. मात्र विशेषणाला लिंग लागतं: देखणा मुलगा ग्वापो, देखणी मुलगी ग्वापा.

आता वजनाचं. माणसाला उद्देशून म्हटलेलं ‘मे गुस्तास’ सहसा प्रेमाच्याच दिशेनं ऐकलं जातं. ऑफिसातल्या सहकाऱ्याचं कौतुक करायचं असेल तर ते वापरू नका. त्याला ‘मे काएस ब्येन’ म्हणा, म्हणजे ‘तुझ्याशी माझं चांगलं जमतं’ एवढाच अर्थ होतो.

‘ते क्येरो’चं प्रकरण जरा मोठं आहे. केरेर या क्रियापदाचा एक अर्थ ‘हवं असणं’. क्येरो उन काफे, मला एक कॉफी हवी. म्हणून काही जण ‘ते क्येरो’चा अर्थ ‘मला तू हवी आहेस’ असा लावतात. तो चूक आहे. ‘मला तू हवी आहेस’मध्ये जी ओढ आहे तिच्यासाठी ‘ते देसेओ’ हा वेगळा शब्द आहे. ते क्येरो हे मायेचं वाक्य: आई मुलाला म्हणते, बहीण भावाला, मैत्रीण मैत्रिणीला, प्रेयसी प्रियकराला. ‘ते आमो’ त्याच्या वरचं. स्पेनमध्ये ते आमो अनेकांना फार जड किंवा सिनेमातलं वाटतं, तिथं जोडप्यांचं रोजचं काम ते क्येरोवर भागतं. लॅटिन अमेरिकेत ते आमो जास्त सहज येतं आणि बऱ्याच ठिकाणी घरच्यांनाही म्हणतात.

आणि तो ‘मूचो’. आपल्याला वाटतं, ‘खूप’ जोडलं की प्रेम वाढलं. इथं पुष्कळदा उलटं घडतं. नुसतं ‘ते क्येरो’ जास्त जवळचं, ‘ते क्येरो मूचो’ मैत्रीकडं झुकलेलं, निरोप घेताना म्हणावं तसं. याचा अर्थ त्याच्या मनात काही नाही असा नव्हे. त्या एका वाक्यावरून निकाल लावू नका, एवढंच.

प्रतिसाद (प्रतापनगर)

उस्तेदबद्दल. मी काही काळ बोगोतात काम केलंय. तिथं उस्तेद फक्त साहेबांसाठी नसतं. भाऊ-बहीण, जिवलग मित्र, नवरा-बायको एकमेकांना सर्रास उस्तेद म्हणतात. बोगोताजवळच्या बोयाका भागातही तसंच. आपल्याकडं ‘अहो, ऐकलंत का’ म्हणणारी बायको नवऱ्यापासून दूर असते का? तसंच हे. स्पेनमधल्या मुलानं उस्तेद म्हटलं असतं तर मी सावध राहायला सांगितलं असतं, बोगोताच्या मुलाबाबत अजिबात नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट तुमच्या नजरेतून सुटलीय. उस्तेदच्या हिशेबानं त्यानं मुलीला ‘ला क्येरो’ लिहायला हवं होतं. ‘ते’ हे ‘तू’चं रूप. दिवसभर उस्तेद म्हणणारा या एका वाक्यापुरता ‘तू’वर येतोय. बोगोतात एकाच बोलण्यात दोन्ही येणं नेहमीचं आहे, पण नेमकं कुठं घसरतं ते बघत चला.

दुसरं, दुकानदार किंवा फळवाली ‘मी आमोर’ (माझं प्रेम), ‘कोरासोन’ (हृदय), ‘मी रेयना’ (माझी राणी) म्हणाली तर ती फक्त हाक असते, आपल्या ‘ताई’, ‘भाऊ’सारखी. आणि उद्या तो लाडानं ‘गोर्दा’ म्हणाला तर भडकू नका. शब्दाचा अर्थ ‘जाडी’, पण जोडप्यांत ते लाडाचं नाव आहे, अंगकाठी कशीही असो.

प्रतिसाद (महाल)

नकाराचा शब्द राहून गेला. स्पॅनिशमध्ये नकार देणं म्हणजे ‘दार कालाबासास’, भोपळे देणं. मुलानं विचारलं आणि मुलगी नाही म्हणाली की तिनं त्याला भोपळे दिले. गंमत अशी की परीक्षेत नापास करण्यालाही हेच म्हणतात. आपण परीक्षेत भोपळा मिळवतो तो आकड्याच्या आकारामुळं, पण नापासाच्या हाती दोन्हीकडं भोपळाच. माणसाला निरोप द्यायला मात्र आपण नारळ देतो. (आमच्या घरी लाल भोपळ्याला कोहळं म्हणतात आणि त्याची बोंडं इतकी चांगली होतात की नकार म्हणून कोहळं देणं मला पटत नाही.)

आणखी एक: नागपुरी बोलीला इथं फायदा आहे. ‘विचार करून राहिलो’ हे आपलं रूप पुण्याकडं हटकून टोकलं जातं. पण स्पॅनिशमधलं ‘एस्तोय पेन्सान्दो एन ती’, म्हणजे ‘तुझाच विचार करून राहिलो’, अगदी याच घडणीचं आहे. एस्तोय हे ‘एस्तार’ या क्रियापदाचं रूप, आणि त्याचं मूळ लॅटिनमधल्या ‘उभं असणं’ या क्रियापदात, आपलं ‘राहणं’. आमची बोली इथं बरोब्बर कामाला येते.

प्रतिसाद (काटोल)

‘मेदिया नारांखा’ कुणी सांगितलंच नाही! जन्माचा जोडीदार म्हणजे ‘अर्धं संत्रं’. शब्द आपल्याकडूनच गेलाय: संस्कृत नारंग, फारसी नारंग, अरबी नारंज, तिथून स्पॅनिश नारांखा. पण आमचं घर संत्र्याच्या बागेतलं, म्हणून एक दुरुस्ती सुचवतो. नागपुरी संत्र्याला स्पॅनिशमध्ये ‘मान्दारीना’ म्हणतात. नारांखा म्हणजे घट्ट सालीचं फळ, आपल्या मोसंबीच्या गोतातलं. ते सुरीनं मधोमध कापतात, दोन भाग एकमेकांना बरोबर जुळतात. आपलं संत्रं कुणी कापत नाही, साल ढिली असते, बोटानं सोलून फोडी वाटतो. त्यामुळं ‘तू माझं अर्धं संत्रं’ असं मराठीत म्हणून बघितलं तर चित्र उभं राहत नाही. अर्धी मोसंबी म्हणा, लगेच उभं राहतं.

उत्तर (धरमपेठ)

काटोलकर भाऊ, हे मला नवीन. पुढच्या वर्गात मोसंबी कापून दाखवीन.

आता पथ्य पाळायचे काही शब्द, विशेषतः आपल्या उन्हाळ्यात. नवतपात नागपूरचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि फोनवर सांगायचं असतं, मला फार गरम होतंय. ‘तेन्गो कालोर’ म्हणा. ‘एस्तोय कालिएन्ते’ म्हणू नका, तो कामोत्तेजनेचा शब्द आहे. भेटायला उत्सुक आहे हे सांगतानाही ‘एक्सितादा’ टाळा, कारण तेच, ‘एमोसियोनादा’ म्हणा. लाजल्याबद्दल ‘एम्बारासादा’ म्हणाल तर अर्थ होईल गरोदर.

‘सुंदर आहेस’ आणि ‘आज सुंदर दिसतेस’ हा फरक स्पॅनिशमध्ये ‘असणे’च्या दोन क्रियापदांनी होतो: एरेस ग्वापा, एस्तास ग्वापा. दोन्ही चांगलीच. पण ‘एरेस ब्वेना’ म्हणजे तू भली आहेस, आणि ‘एस्तास ब्वेना’ म्हणजे मुलीच्या अंगाकडं बघून केलेली शेरेबाजी. हे मी मुलांच्या वर्गात फळ्यावर लिहून, दोनदा वाचून घेते. रस्त्यावर अनोळखी मुलीला ऐकवलेल्या अशा कौतुकाला ‘पिरोपो’ म्हणतात. पेरूनं २०१५ साली रस्त्यावरच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा केला. आपल्याकडची छेडछाड ज्यांनी सोसलीय त्यांना अधिक सांगायला नको.

उरलेलं थोडक्यात. तुझी आठवण येते: स्पेनमध्ये ‘ते एचो दे मेनोस’, कोलंबियात ‘ते एक्स्त्रान्यो’. प्रेमात पडणं: ‘एनामोरार्से दे’. इथला ‘दे’ म्हणजे आपला ‘च्या’, त्याच्या प्रेमात, म्हणून ‘शी’ लावून ‘कोन’ वापरू नका. नोव्हिओ म्हणजे बॉयफ्रेंड, वाङ्निश्चय झालेलाही आणि लग्नाच्या दिवशीचा नवरदेवही. चिलीत त्याला पोलोलो म्हणतात. मित्र आणि नोव्हिओ यांच्या मधल्याला ‘आमिगोव्हिओ’, हा शब्द २०१४ पासून स्पॅनिश अकादमीच्या कोशात आहे.

प्रश्न (मिहान)

सगळ्यांचे मनापासून आभार. सप्टेंबरात त्यांच्याकडं प्रेमाचा काही सण असतो म्हणाला. तेव्हा विचारीन म्हणते, ‘तुम्हाला मी आवडते का?’ उस्तेद ठेवूनच. वाक्य सांगा.

प्रतिसाद (प्रतापनगर)

‘आमोर इ आमिस्ताद’, प्रेम आणि मैत्री. कोलंबियात फेब्रुवारीतला नव्हे, सप्टेंबरचा तिसरा शनिवार मोठा. मित्रमंडळीही साजरा करतात, त्यामुळं त्या दिवशी विचारणं अवघड वाटणार नाही.

उत्तर (धरमपेठ)

‘ले गुस्तो?’ दोनच शब्द. ले म्हणजे तुम्हाला, गुस्तो म्हणजे मी आवडते. लिहिताना सुरुवातीला उलटं प्रश्नचिन्ह लागतं. फोनवर स्पॅनिश कीबोर्ड घेऊन प्रश्नचिन्ह दाबून धरा, ते वर येईल. आणि त्याचं उत्तर ‘सी, मे गुस्ता’ असं आलं तर गोंधळू नका. उस्तेदबरोबर क्रियापद ‘गुस्तास’ न होता ‘गुस्ता’ होतं. तो तुमच्याबद्दलच बोलत असेल.