दिवाळीच्या सुट्टीत कर्सिव्हच्या वर्कशीट: हव्यात की नकोत?

चिऊची_आई
लेक सिनिअर केजीत आहे, इंग्रजी माध्यम. शाळेनं दिवाळीच्या सुट्टीसाठी कर्सिव्हच्या वर्कशीटचा गठ्ठा दिलाय. दिया, रंगोली, लॅन्टर्न, स्वीट्स असे शब्द ठिपक्यांवरून गिरवायचे, शेजारची पणती रंगवायची, शेवटच्या पानावर 'हॅपी दिवाली'. मला तरी कल्पना आवडली. एरवी चाररेघी वहीत पानभर एकच अक्षर काढायचं म्हटलं की तिची कुरकुर सुरू होते, पण पणतीचं पान ती आपणहून घेऊन बसते. नवरा म्हणतो, सुट्टीत पोरीनं किल्ला करायचा की डब्ल्यू काढत बसायचं? तुमचं काय मत?

किल्लेदार
नवऱ्याला माझं अनुमोदन. किल्ल्याची माती मळणं, चिमटीतून रांगोळी सोडणं, करंजीची कड मुडपणं, बोटांना वळण यातूनच लागतं. कागदावर पणती छापली म्हणून गृहपाठाचा फराळ होत नाही. आणि पाचव्या वर्षी कर्सिव्ह कशाला? फिनलंडनं २०१६ पासून शाळेत जोडून लिहिण्याची सक्तीच काढून टाकली. तिथली मुलं सुटी अक्षरं आणि कीबोर्ड शिकतात. काही अडलं का त्यांचं?

शाईदौत
फिनलंड झालं, आता फ्रान्सही बघा. तिथं सहाव्या वर्षी लिहायला शिकवतात तेच कर्सिव्हमध्ये. शिवाय सुट्या अक्षरांत लहान बी आणि डी यांची अदलाबदल करणारी मुलं किती असतात! कर्सिव्हमध्ये बी वर जाणाऱ्या लूपनं सुरू होतो, डी गोलानं. हाताची सुरुवातच वेगळी, त्यामुळे घोटाळा कमी होतो. आमच्या मुलाचा तरी झाला.

पहिलीच्या_बाई
मी पहिलीला शिकवते. सणाचा विषय घेण्याला माझी हरकत नाही, पण या शीट बनवणाऱ्यांनी शब्द अक्षरांकडे बघून निवडलेले नसतात, चित्राकडे बघून निवडलेले असतात. 'दिवाली' इंग्रजीत लिहून बघा. डब्ल्यू वरच्या बाजूला संपतो, तिथून आडवं जाऊन ए सुरू करायचा आणि त्याच रेघेवरून मागं वळायचं. 'रंगोली'त ओ वर संपतो आणि तिथूनच एलचा उंच लूप घ्यायचा. ओ, व्ही, डब्ल्यू, बी यांच्यापुढचे जोड सगळ्यात अवघड, ते आम्ही शेवटी घेतो. स्टँडिंग लाइन, स्लँटिंग लाइनमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलीला हे पहिल्याच पानावर!

दुसरं म्हणजे ठिपके. मूल ठिपक्यांपाशी थांबत थांबत, पेन्सिल उचलत, कधी उलट्या दिशेनंही रेघ ओढतं. पान पूर्ण झालं की सुबक दिसतं, आणि हात कुठून कुठं गेला ते आम्हाला वहीवरून कळत नाही. कर्सिव्हमध्ये तर तेच शिकायचं असतं. शेजारी बसून बघणारं कोणी असेल तर दोन ओळी पुरतात. नसेल तर गठ्ठाभर पानांनी चुकीचं वळण पक्कं होतं, ते मोडायला आम्हाला अख्खं दुसरं सत्र लागतं.

बे_एरियातली_मावशी
इकडे कॅलिफोर्नियात २०२३ मध्ये कायदा झाला, पहिली ते सहावीत कर्सिव्ह शिकवायचं म्हणून. त्याआधी २०१० च्या कॉमन कोअरमध्ये, म्हणजे इथल्या बऱ्याच राज्यांनी घेतलेल्या सामायिक शालेय निकषांमध्ये, त्याचा उल्लेखच नव्हता, त्यामुळे बऱ्याच मुलांना आजीचं पत्र वाचता येत नाही. माझी भाची तिसरीत शिकली, आधी सुटी अक्षरं पक्की करून. डिसेंबरात सॅन्टाला पत्र लिहिते, त्यासाठी दहादा खोडेल, पण मागं हटत नाही. कारण ते कोणीतरी वाचणार असतं. पणतीच्या शीटला वाचणारं कोण?

मोडीप्रेमी
अवांतर: हात न उचलता लिहायची आपली स्वतःची मोडी होती. आधी पानभर रेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरं सरसर. मुलांना जोडूनच लिहायला लावायचंय तर...

शाईदौत
मोडीप्रेमी, तुम्ही पाककृतींच्या धाग्यावरही मोडी आणता. :)

चिऊची_आई
बाई, डब्ल्यूचं एकदम पटलं, तिथंच ती अडते आणि पान फिरवते. गठ्ठा बाजूला ठेवतेय. त्याऐवजी नागपूरला आजीला एक शुभेच्छापत्र, दोन शब्दांचं, मी शेजारी बसून. पण सुट्टीत लिहायचंच नाही हे मात्र मला मान्य नाही, किल्लेदार. किल्ला तासाभरात होतो, दिवस मोठा असतो.

किल्लेदार
तासाभरात होतो तो किल्ला नव्हे, ढिगारा. आणि आजीला पत्र इंग्रजीत? तेही कर्सिव्हमध्ये?

चिऊची_आई
आजी बँकेतून निवृत्त झाल्यात. सह्या ओळखण्यात जन्म गेलाय त्यांचा, नातीचा डब्ल्यू ओळखतील.

पहिलीच्या_बाई
फक्त 'हॅपी' लिहू द्या. पुढचं आजी समजून घेतील.