‘हरवलेली सावित्री’ अल्बम आणि त्याखालचा मजकूर: आता पुरे

तळ्याकाठचा

गेला आठवडाभर प्रत्येक ग्रुपवर एकच अल्बम आदळतोय. सावित्री नदी आणि तिच्या खाडीकाठच्या महाड, दासगाव, आंबेत, बाणकोट इथले जुने कृष्णधवल फोटो. गलबतं, धूर सोडणारी लाँच, पाग (फेकजाळं) टाकणारा माणूस, दगडी पूल. फोटो सुंदरच आहेत, त्याबद्दल वाद नाही. वाद खालच्या मजकुराबद्दल आहे. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी: “तेव्हा रस्ते नव्हते पण माणसं जोडलेली होती. एकाच बोटीत जातपात विसरून सगळे बसत. खाडीत मासा मावत नव्हता. पूर यायचा, पण घरात शिरायचा नाही. विकासाने आपल्याला काय दिलं? खरे कोकणी असाल तर शेअर करा.”

नाही करत शेअर.

जातपात विसरून? अहो, महाडच्या फोटोखाली हे लिहिताना बोटं अडखळली नाहीत? १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचं कागदावर आलं, आणि तरीही २० मार्च १९२७ ला त्या तळ्याचं पाणी प्यायल्याबद्दल लोकांनी मार खाल्ला. त्याच वर्षी डिसेंबरात बाबासाहेब परिषदेला पुन्हा आले ते ‘पद्मावती’ बोटीने, दासगावला उतरून. बोटीने का? धरमतर मार्गावरच्या मोटारवाल्यांनी नेणार नाही असं बजावलं होतं म्हणून. बाबासाहेबांच्या चरित्रात नोंद आहे. महाडात सभेला जागा कोणी देईना, शेवटी फत्तेखान यांनी दिली. तुमच्या अल्बममधला दासगावचा धक्का बघून मला हे आठवतं. तुम्हाला ‘जोडलेली माणसं’ आठवतात. बरं आहे.

आणि पूर घरात शिरायचा नाही म्हणे! महाडच्या बाजारपेठेतल्या जुन्या दुकानांची जोती बघा, आणि प्रत्येक दुकानाला माळा का आहे ते एखाद्या म्हाताऱ्या दुकानदाराला विचारा. आमच्या आजोबांचा गूळ आणि कापड पावसाळ्यात माळ्यावरच असायचं.

ठाण्यातला महाडकर

अल्बम मी केलाय. समोर येऊन बोलतो, टोपणनावाआड लपायची सवय नाही. (हो, हेही टोपणनावच आहे, पण ग्रुपवर सगळे ओळखतात.)

हे फोटो काकांच्या ट्रंकेत होते. त्यांच्यानंतर घर रिकामं करताना भंगारवाल्याच्या गाडीवर चढलेली ट्रंक मी परत उतरवून घेतली. वाळवी लागली होती. एकेक फोटो पुसून, मोबाईलने काढून, रात्री जागून अल्बम केला. तेव्हा कुठे होतात तुम्ही सगळे? तयार ताटावर बसून मीठ कमी आहे म्हणायला काही लागत नाही.

१९२७ मला शिकवू नका, मी महाडचाच आहे. मजकूर भावनेने लिहिलाय, पीएचडी नाही केली. प्रत्येक जुन्या गोष्टीत जात शोधायची हा नवीन रोग झालाय. लोकांना दोन मिनिटं बरं वाटलं तर काय बिघडलं?

प्लेटवाला

ट्रंक वाचवलीत याबद्दल मनापासून हात जोडतो. आता बाकीचं.

फोटो क्र. ४, ‘महाड बंदर, १८५०’. लाँचच्या मागे उजवीकडे झाडाखाली बघा. मोटार उभी आहे. १८५० साली. जर्मनीत कोणाच्या स्वप्नातही नव्हती तेव्हा.

फोटो क्र. ९, ‘शिवकालीन पूल’. हा सावित्रीवरचा १९२८ चा दगडी कमानीचा पूल. हाच २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला, दोन एसट्या घेऊन. ज्यांची माणसं त्यात गेली त्यांच्या ग्रुपवरही हा फोटो ‘शिवकालीन’ म्हणून फिरला असेल.

तिसरं, रंग. कृपा करून ते ॲप काढून टाका. सावित्रीच्या खाडीचं पाणी मालदीवसारखं निळं केलंय. ऐन खाडीत, गढुळाच्या राज्यात! पाग टाकणाऱ्याच्या लंगोटीला फिकट गुलाबी रंग दिलाय. आणि वर प्रत्येक फोटोवर आडवा तुमचा वॉटरमार्क, तोही नेमका माणसांच्या तोंडावर. काढणारा कोण, माहीत नाही. फोटोतला माणूस कोण, माहीत नाही. नाव कोणाचं, तर स्कॅन करणाऱ्याचं. तेही स्कॅन नाहीच, मोबाईलचा फोटो.

ठाण्यातला महाडकर

वॉटरमार्क नसता तर एव्हाना चार पेजवाल्यांनी स्वतःच्या नावावर खपवले असते. अनुभव आहे. १८५० ही टायपिंगची चूक समजा. खूश?

रिटायर्ड तांडेल

मी बाणकोटच्या बाजूचा. पागवाल्या फोटोबद्दल कोणीच नीट बोललं नाही म्हणून लिहितो. तो माणूस पाग टाकायच्या बेतात आहे, टाकलेला नाही. पागाची कड दातात धरलीय, अर्धा घेर डाव्या कोपरावर आहे, शिसं लोंबतंय. या क्षणी माणूस श्वास धरून असतो, म्हणून फोटोत तो स्वच्छ आलाय आणि मागची होडी हललीय. ज्याने काढला त्याला मासेमारी कळत होती, किंवा त्याने त्याला तसं उभं केलं.

मासा होता का? होता. खोटं कशाला बोलू. बोईट, शेंगटी, कोलंबी, चिंबोरी, ओहोटीला कालवं. जिताडाही मिळायचा. पण जिताडा आमच्या ताटात किती वेळा आला ते विचारा. तो जायचा भाताच्या बदल्यात, नाहीतर आलेल्या साहेबाच्या बंगल्यावर. आम्ही बारीक मासळीचं कालवण खाल्लं. माझ्या आईने जिताडा साफ खूप केला.

आता मासा नाही तो फोटोतल्या लोकांनी संपवला नाही. रसायनाचं पाणी खाडीत यायला लागलं, मग वाळूचे सक्शन पंप आले, तळ खरवडून नेला. पूर्वी मेलेला मासा तरंगताना दिसला की गावात बातमी व्हायची. आता पंचनाम्यालाही कोणी येत नाही. त्यामुळे तळ्याकाठच्या दादांनी सगळंच खोटं म्हणू नये. एवढंच.

तळ्याकाठचा

मासा नव्हता असं मी लिहिलंच नाही. तरी तुमचं मान्य. जिताड्याचं तर माझ्याच बाजूचं झालं.

चिंबोरी

अवांतर: लाँच परत सुरू करायला हवी. बागमांडला–वेसवी फेरीबोट चालतेच की. मग महाड–आंबेत–बाणकोट का नाही? पर्यटन वाढेल. मगरीही दिसतील.

पोलादपूरकर

लाँच सुरू करायची तर आधी पाणी तरी हवं. दासगावच्या वर गाळाची बेटं झालीत, त्यावर झाडं उगवलीत. आणि मुळात खाडीचा गळा आवळलाय रेल्वेच्या भरावाने. दासगावला पूल करायच्या ऐवजी मातीचा भराव घातला, रोहा–वीर गाडी १९९३ ला सुरू झाली, आणि तेव्हापासून महाडची बशी झाली. २००५ चा पूर बघा, २२ जुलै २०२१ चा बघा. अल्बममधला फोटो क्र. ६ हाच पुरावा आहे: दासगावच्या धक्क्याजवळ पात्र केवढं रुंद आणि पाणी केवढं खोल! गलबत धक्क्याला टेकलंय. आज तिथे होडी चिखलात बसते.

चिंबोरी

झालं, आला भराव. यांना लग्नाच्या पत्रिकेतही भराव दिसतो.

दादा, मी पाण्याच्याच कामात नोकरी केली. सावित्री महाबळेश्वरच्या कड्यावरून उतरते आणि काही तासांत पोलादपूर गाठते. महाडला गांधारी मिळते, काळ नदीचं पाणी येतं, आणि त्याच वेळी खालून भरती असेल तर वरचं पाणी जाणार कुठे? हे रेल्वेच्या आधीही होतंच. खारबंदिस्ती करून (बांध घालून खारं पाणी अडवून) खाडीच्या दोन्ही काठांची मोकळी जागा आपल्याच आजोबांनी भाताखाली घेतली, तेव्हा गळा आवळला नाही का? वर डोंगर बोडके केले, ती माती कुठे गेली? भराव एक कारण असेल. एकच नाही.

पोलादपूरकर

नोकरी कुठल्या खात्यात होती ते कळलं. आमच्या बहिणीच्या घरात २०२१ ला पहिल्या मजल्याच्या जिन्यापर्यंत पाणी होतं. रात्रभर दोन पोरं घेऊन गच्चीवर बसली, मोबाईलची बॅटरी संपेपर्यंत फोन करत होती. दुसऱ्या दिवशी फ्रीज शेजारच्या अंगणात मिळाला. तिला सांगा तुमची खारबंदिस्ती. भराव काढून तिथे पूल करा अशी अख्ख्या महाडची मागणी आहे, ती काय वेडी माणसं आहेत?

चिंबोरी

बहिणीचं वाईट वाटलं. खरंच. पण दुःख हा मोजमापाचा आकडा नसतो. फोटो क्र. ६ भरतीचा आहे की ओहोटीचा, हे तुम्हाला माहीत आहे? दासगावला भरती-ओहोटीत धक्क्याच्या किती पायऱ्या झाकतात ते आठवा. भरतीचा फोटो दाखवून ‘पूर्वी खोल होतं’ म्हणायचं आणि ओहोटीला आज जाऊन चिखलाचा फोटो काढायचा, ही लबाडी आहे.

पोलादपूरकर

लबाड कोणाला म्हणताय?

रिटायर्ड तांडेल

भांडू नका. फोटोतच बघा ना. मागे एक गलबत नांगरावर आहे, त्याची नाळ (पुढचं टोक) समुद्राच्या बाजूला आहे. नांगरावरची बोट प्रवाहाकडे तोंड करते. म्हणजे पाणी आत येतंय. भरती चालू आहे.

चिंबोरी

घ्या! मी काय म्हणत होतो?

रिटायर्ड तांडेल

पूर्ण ऐका. दुपारनंतर समुद्रावरून वारा आत सुटतो. तो जोरात असला आणि पाणी उभं (ना चढतं, ना उतरतं) असलं तर बोट वाऱ्याकडेही तोंड करते, तीही समुद्राकडेच. सावल्या लांब आहेत, त्या पूर्वेला पडल्यात, म्हणजे संध्याकाळ. त्यामुळे नुसत्या नाळेवरून मी शपथ घेणार नाही. खरी खूण धक्क्याच्या पायऱ्यांवर. पाणी उतरत असलं तर पाण्याच्या वर दोन-तीन पायऱ्या ओल्या, काळ्या दिसतात. चढत असलं तर पाण्याला लागून पायरी कोरडी असते. अल्बममध्ये सगळ्या पायऱ्या एकाच रंगाच्या दिसतात. काही कळत नाही.

प्लेटवाला

कशा कळणार? रंगाच्या ॲपने ओल आणि कोरडं सारखंच करून टाकलंय, डाग समजून. आणि उरलेल्या पायऱ्यांवर वॉटरमार्क आहे. 😐

ठाण्यातला महाडकर

सगळं माझ्यावरच येऊन थांबतं.

मूळ फोटो माझ्याकडे आहे, आत्ता हातात घेतला. पाण्याच्या वर दोन पायऱ्या गडद आहेत. तिसरी अर्धी. मागे पेन्सिलने मोडीत काहीतरी आहे, मला येत नाही.

तळ्याकाठचा

म्हणजे पाणी उतरत होतं, आणि तरी गलबत धक्क्याला टेकलेलं. पोलादपूरकरांना एक गुण द्या.

चिंबोरी

अर्धा. उधाणाचा, म्हणजे मोठ्या भरतीचा दिवस असेल तर उतरतानाही पाणी बक्कळ असतं. आणि हा धक्का आजच्या भरावाच्या वर की खाली, हे आधी ठरवा. नुसतं खाली ‘दासगाव’ लिहिलंय, आणि ज्याने १८५० लिहिलं त्यानेच.

पोलादपूरकर

अर्धा तर अर्धा. सरकारी माणसाकडून अर्धा मिळाला, मी पेढे वाटतो.

प्लेटवाला

महाडकर, शांतपणे सांगतो. स्कॅनरवर ठेवा, ॲप नको. १२०० डीपीआय, पुढची बाजू आणि मागचीही, कडा न कापता. वाळवीची भोकंही राहू द्या. मोडी वाचणारे पुण्यात आणि मुंबईत पुष्कळ आहेत, मी एकाला विचारतो. मागच्या मजकुरात गलबताचं किंवा माणसाचं नाव निघालं तर फोटोला तुमच्या नावापेक्षा मोठी किंमत येईल.

ठाण्यातला महाडकर

शनिवारी स्कॅन करतो, पण सगळे नाही, आधी क्र. ६ आणि पागवाला. ‘जातपात विसरून’ हे वाक्य काढतो, तळ्याकाठच्यांची झोप उडाली होती म्हणून. ‘विकासाने काय दिलं’ राहील, ते माझं मत आहे.

वॉटरमार्कही राहील. कोपऱ्यात, लहान.

प्लेटवाला

तोंडावर नको एवढंच.

चिंबोरी

लाँचचं काय ठरलं मग?

पोलादपूरकर

आधी भराव.